स्वॅब ते विमान : कोरोनाकाळात नाशिकहून परदेशी जाताना

२०२१ साली नाशिकहून परदेशी निघालेल्या माणसाचा प्रवास विमानतळावर सुरू होत नव्हता. तो सुरू व्हायचा लॅबमध्ये कोरोना चाचणीसाठी नाकात स्वॅब गेला त्या मिनिटाला. तिथून रिपोर्ट ग्राह्य असण्याच्या ४८ किंवा ७२ तासांचं घड्याळ चालू व्हायचं आणि त्यातच लॅबचा रिपोर्ट, कसारा घाट, भिवंडीची कोंडी आणि मुंबईच्या सहार विमानतळावरच्या रांगा बसवायला लागायच्या. व्हिसा, तिकीट, ॲडमिशनचं पत्र सगळं हातात असूनही जी माणसं काउंटरवरून परत फिरली, ती बहुतेक दोनच कारणांनी. एक तर तासांचा हिशेब चुकला, नाहीतर नावाचं स्पेलिंग जुळलं नाही. त्या दीड-दोन वर्षांत नाशिकमधून निघणाऱ्यांच्या फायली तयार करताना जे जे हाताखालून गेलं, ते इथे मांडतो आहोत.

आधी तिकिटाबद्दल. भारतातली नियमित आंतरराष्ट्रीय विमानं २३ मार्च २०२० पासून बंद होती, ती २७ मार्च २०२२ ला पूर्ववत झाली. मधल्या काळात आधी 'वंदे भारत'ची, म्हणजे अडकलेल्यांसाठी सरकारने सोडलेली, विमानं होती आणि जुलै २०२० पासून 'एअर बबल', म्हणजे दोन देशांनी आपसांत ठरवून सोडलेल्या मोजक्या फेऱ्या. फेऱ्या थोड्या आणि रद्द व्हायचं प्रमाण जास्त. अशा वेळी स्वस्त पडतं म्हणून दोन वेगवेगळी तिकिटं जोडणं फार महागात जायचं. वेगळी तिकिटं असली की मधल्या विमानतळावर बॅग ताब्यात घेऊन पुन्हा चेक-इन करावं लागतं, म्हणजे त्या देशात शिरावं लागतं. भारतातून आलेल्यांना तो देश त्या आठवड्यात आत घेत नसेल, तर मुंबईतच बोर्डिंग पास मिळत नसे. सगळा प्रवास एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग क्रमांकावर, असावा, हा आमचा पहिला आग्रह असायचा. तिकीट काढण्याआधी पोहोचायच्या देशाचे नियम तर वाचायचेच, पण विमान जिथे बदलायचं त्या देशाचेही वाचायचे.

आता उलटी मोजणी. समजा, मुंबई–दुबई विमान शनिवारी पहाटे साडेचारचं आहे. ऑगस्ट २०२१ नंतर दुबईला दोन चाचण्या लागायच्या. पहिली आरटीपीसीआर, स्वॅब घेतल्यापासून ४८ तासांच्या आतली. दुसरी रॅपिड पीसीआर, विमानतळावरच, उड्डाणाच्या आधीच्या सहा तासांत. साडेचारपासून मागे मोजलं तर गुरुवारी पहाटे साडेचारच्या आधीचा स्वॅब बाद. तेव्हा गुरुवारी सकाळी साडेआठला लॅबमध्ये पहिला नंबर लावायचा. रिपोर्ट चोवीस तासांत म्हणजे शुक्रवारी सकाळी साडेआठला येईल, असं धरायचं. रॅपिड चाचणीची खिडकी शुक्रवारी रात्री साडेदहाला उघडणार, म्हणून साडेनऊपर्यंत मुंबई विमानतळाच्या टर्मिनल २ वर. त्यासाठी नाशिक दुपारी दोनला सोडायचं. म्हणजे रिपोर्ट उशिरा आला तरी साडेपाच तास हाताशी राहतात, आणि विमानाला उशीर झाला तर ४८ तास संपायला आणखी चार तास असतात. स्वॅब संध्याकाळी पाचला दिला असता, तर विमानाच्या उशिरासाठी जागा वाढली असती आणि रिपोर्टच्या उशिरासाठी जवळजवळ काहीच उरली नसती. नाशिकमध्ये विमानापेक्षा रिपोर्टच जास्त वेळा उशिरा यायचा. म्हणून सकाळचा स्वॅब.

यात सगळ्यात जास्त घोटाळा वाराचा व्हायचा. आपल्या पंचांगात वार बदलतो सूर्योदयाला, विमान कंपनीचा बदलतो मध्यरात्री. शनिवारी पहाटे साडेचारच्या विमानाला घरात सगळे 'शुक्रवार रात्रीचं विमान' म्हणतात आणि त्या बोलण्याच्या भरात स्वॅब बुधवारी दिला जातो. आम्ही फाईलच्या पहिल्या पानावर तीनच ओळी मोठ्या अक्षरात लिहून द्यायचो: उड्डाणाची तारीख आणि वेळ, स्वॅब कधीपासून चालेल, घरातून कधी निघायचं. वेळ चोवीस तासांच्या पद्धतीत, ०४:३० अशी. तिथे 'रात्री' आणि 'पहाटे' हे शब्दच नकोत.

प्रत्येक देश तास मोजत नव्हता, हेही ध्यानात ठेवावं लागे. अमेरिकेचा नियम दिवसांचा होता. ६ डिसेंबर २०२१ पासून 'एक दिवस आधी' चाचणी लागायची. शुक्रवारी दुपारच्या विमानासाठी गुरुवारी दिवसभरात केव्हाही दिलेला नमुना चालायचा, २४ तास झाले का हे कोणी पाहत नसे. काही ठिकाणी मोजणी नमुना घेतल्यापासून, काही ठिकाणी रिपोर्ट निघाल्यापासून. शंका असली की नमुन्याची वेळ धरायची, कारण ती नेहमी आधीची असते आणि तिच्यात बसणारा माणूस दुसऱ्या मोजणीतही बसतोच.

नावाचा विषय वेळेइतकाच नाजूक. पासपोर्टच्या कोऱ्या पुस्तिका आपल्या नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापल्या जातात. त्या पुस्तिकेत जे नाव आलं तेच प्रमाण, बाकी सगळे कागद त्याच्यामागून चालले पाहिजेत. आपल्याकडे मुलाच्या नावात वडिलांचं नाव, लग्नानंतर नवऱ्याचं नाव आणि आडनाव बदललेलं, 'वाघ'चं स्पेलिंग आधारवर डब्ल्यूने आणि पासपोर्टवर व्हीने. लस घेताना बहुतेकांनी आधार दाखवलं होतं, त्यामुळे लसीच्या प्रमाणपत्रावर आधारचं नाव आलं. लसनोंदणीच्या कोविन पोर्टलवर दुरुस्तीची सोय होती, पण तिथे हवं तितक्यांदा बदल करता येत नव्हते. घाईत चुकीची दुरुस्ती केली की पुन्हा हेलपाटे. म्हणून पासपोर्ट समोर उघडा ठेवून एकेक अक्षर बोट लावून वाचायचं, मगच 'सबमिट' दाबायचं. पासपोर्ट नंबर जोडायची सोय जून २०२१ मध्ये आली आणि तो जोडल्याशिवाय परदेशात त्या प्रमाणपत्राला फारसा अर्थ उरत नसे. साध्या प्रमाणपत्रावर पूर्ण जन्मतारीख नव्हती. ब्रिटनसारख्या देशांच्या आग्रहानंतर पूर्ण जन्मतारखेचं वेगळं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र कोविनवर मिळू लागलं. छापून न्यायचं ते हेच.

लसीच्या दोन डोसांमधल्या अंतराने विद्यार्थ्यांची झोप उडवली होती. कोव्हिशील्डसाठी ८४ दिवस थांबायचं, आणि सप्टेंबरचं सत्र तर तोंडावर. ७ जून २०२१ च्या केंद्राच्या सूचनेने शिक्षण, नोकरी आणि टोकियो ऑलिंपिकसाठी जाणाऱ्यांना, प्रवास ३१ ऑगस्टपर्यंत असेल तर, २८ दिवसांनंतर दुसरा डोस घेता येऊ लागला. लसीकरण केंद्रावर जाताना प्रवेशपत्र किंवा नोकरीचं पत्र, व्हिसाचे कागद आणि पासपोर्ट एकत्र न्यायचे. पहिल्या डोसला आधार दाखवलं असलं तरी दुसऱ्याला पासपोर्ट हवा, हे तिथल्या टेबलावर आपणहून सांगायचं, कोणी विचारेल याची वाट पाहायची नाही. कोव्हॅक्सिन घेतलेल्यांची खरी कुचंबणा झाली. जागतिक आरोग्य संघटनेने तिला ३ नोव्हेंबर २०२१ ला मान्यता दिली आणि ब्रिटनने २२ नोव्हेंबरपासून ती धरली. तोवर दोन्ही डोस घेतलेला माणूसही तिथे लस न घेतलेलाच मोजला जायचा आणि दहा दिवस विलगीकरणात राहायचा. कोव्हिशील्डलाही सगळीकडे मोकळा रस्ता नव्हता. ब्रिटनने तिचं भारतीय प्रमाणपत्र ११ ऑक्टोबर २०२१ पासून मानलं, आणि युरोपात तर देशागणिक वेगळा निर्णय होता.

आता प्रत्यक्ष स्वॅब. मार्च २०२१ च्या शेवटी राज्य सरकारने दर ठरवून दिले होते: संकलन केंद्रावर ५०० रुपये, लॅबमध्ये किंवा रुग्णालयात ६००, घरी येऊन नमुना नेला तर ८००. डिसेंबरमध्ये तेच ३५०, ५०० आणि ७०० झाले. पण आम्हाला दरापेक्षा दोन प्रश्नांची उत्तरं जास्त महत्त्वाची वाटायची. नमुना नाशिकमध्येच तपासणार की पुण्या-मुंबईला पाठवणार? आणि रिपोर्टवर क्यूआर कोड असतो का? पहिल्याचं उत्तर 'गाडी संध्याकाळी जाते' असं आलं, की चोवीस तास विसरा.

फॉर्म कॅपिटल अक्षरात, स्वतःच्या हाताने भरायचा. पासपोर्ट नंबरातला शून्य आणि ओ, एक आणि आय वेगळे दिसले पाहिजेत. नमुना घेणारा माणूस बारीक, मऊ टोकाची काडी नाकातून सरळ मागे, घशाच्या वरच्या भागापर्यंत नेतो, काही सेकंद फिरवतो आणि बाहेर काढतो. डोळ्यांत पाणी येतं, शिंक येते, तेवढंच. मान मागे झटकली की काडी नाकाच्या पुढच्याच भागात राहते आणि नमुना नीट येत नाही, म्हणून डोकं मागे भिंतीला टेकवून बसावं. पुढचं काम डोळे पुसत पुसत करायचं. काडी ज्या नळीत टाकून मोडली, त्या नळीवरची चिकटपट्टी वाचायची. एकाच घरातले चौघं ओळीने बसले की पट्ट्या अदलाबदल व्हायला क्षण पुरतो. आपल्या नळीवर आपलंच नाव आहे का, हे तिथल्या तिथे विचारायला संकोच करू नये.

रिपोर्ट आला की 'निगेटिव्ह' बघून फोन खाली ठेवायचा नाही. नाव पासपोर्टप्रमाणे, पासपोर्ट नंबर, जन्मतारीख किंवा वय, नमुना घेतल्याची तारीख आणि वेळ, रिपोर्टची वेळ, चाचणीचा प्रकार, लॅबचा आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) नोंदणी क्रमांक, सही-शिक्का, हे सगळं पाहायचं. नमुन्याच्या वेळेचा घोळ सर्रास व्हायचा. लॅबच्या संगणकात नमुना 'दाखल' झाल्याची वेळ छापली जाते, घेतल्याची नाही. काही वेळा तर फक्त तारीख येते, वेळच नसते. काउंटरवरचा माणूस तास मोजतो, त्याला वेळ लागते. मग लॅबला फोन करा, दुरुस्त प्रत मागवा. म्हणून तर हाताशी ते साडेपाच तास ठेवायचे. क्यूआर कोड दुसऱ्याच्या फोनवरून स्कॅन करून बघायचा. लॅबच्या संकेतस्थळावरून तोच रिपोर्ट पीडीएफमध्ये उघडला पाहिजे. काही कोड स्कॅन केल्यावर नुसतं नाव आणि नंबर दाखवतात, आणि दुबईच्या काउंटरवर तेवढ्याने भागत नसे. रंगीत प्रती तीन काढायच्या. एक हातात, एक हँडबॅगेत, एक मोठ्या बॅगेत.

ज्यांना दोन-तीन महिन्यांत कोरोना होऊन गेला होता त्यांच्यासाठी वेगळी काळजी. माणूस ठणठणीत बरा होतो, त्याच्यापासून कोणाला धोका उरत नाही, पण विषाणूच्या आरएनएचे तुकडे नाकात आठवडेच्या आठवडे सापडू शकतात आणि आरटीपीसीआर ते पकडते. अशांनी उड्डाणाच्या दहा-बारा दिवस आधी एक चाचणी करून बघावी, असं आम्ही सांगायचो. पण तीही नोंदली जायची. पॉझिटिव्ह आली तर महापालिकेचा फोन यायचा आणि घरी थांबावं लागायचं. तरी काउंटरवर कळण्यापेक्षा दहा दिवस आधी कळलेलं बरं, तारीख बदलायला वेळ मिळतो. अमेरिकेसारखे काही देश बरं झाल्याचं डॉक्टरांचं पत्र आणि ९० दिवसांच्या आतला जुना पॉझिटिव्ह रिपोर्ट मानायचे. तो जुना रिपोर्ट फेकून दिलेल्यांची शोधाशोध आम्ही पाहिली आहे. आजारपणाचे कागद जपून ठेवा.

नाशिकच्या ओझर विमानतळाहून तेव्हा परदेशी प्रवासी विमान नव्हतं, त्यामुळे मुंबई गाठणं आलंच. पाथर्डी फाट्यावरून विल्होळी, घोटीचा टोलनाका, इगतपुरी, कसारा घाट, शहापूर, पडघ्याचा टोल, भिवंडी बायपास, माजिवडा आणि पुढे सहार. एरवी चार तासांचं अंतर, आम्ही सात धरायचो. पावसाळ्यात घाटात दरड येते, धुकं उतरलं की ट्रक एकामागोमाग रांगत चालतात, आणि सगळं सुरळीत गेलं तरी भिवंडी–ठाण्यात तास-दीड तास जातोच. जुलै २०२१ मध्ये कसारा–इगतपुरी भागात रुळांखालची खडी वाहून गेली आणि रेल्वे थांबली. ऐन त्या दिवशी रेल्वेच्या भरवशावर असलेल्यांना रस्त्याने धावावं लागलं. गाडी आपली असो की भाड्याची, चालकासकट सगळ्यांचे मास्क आणि काचा थोड्या खाली. एप्रिल २०२१ च्या शेवटी जिल्हा ओलांडायला ई-पास लागू झाला, तेव्हा तिकीट आणि पासपोर्टच्या प्रती डॅशबोर्डवरच ठेवलेल्या असायच्या. सोडायला घरचे चार जण नकोत, एकच. टर्मिनलमध्ये प्रवाशाशिवाय कोणाला सोडत नव्हते, आणि परतीच्या वाटेवर गर्दीतून आलेले चौघं घरातल्या आजी-आजोबांकडेच जाणार होते.

विमानतळावरची रॅपिड चाचणी आधी ऑनलाइन बुक करून जायचं. तिचा दर सुरुवातीला ४,५०० रुपये होता, पुढे ३,९०० झाला. निकाल तासा-दीडतासात धरायचा. तो हातात आल्याशिवाय बोर्डिंग पास मिळत नसे, आणि बहुतेक कंपन्यांचे काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतात. खिडकी उघडल्या उघडल्या नमुना द्यावा, चहा नंतर घ्यावा. काउंटरवर कागद ज्या क्रमाने मागत त्या क्रमाने लावायचे: पासपोर्ट, व्हिसा, रिपोर्ट, लसीचं प्रमाणपत्र, त्या देशाचा फॉर्म. ब्रिटनचा पॅसेंजर लोकेटर फॉर्म पोहोचण्याच्या आधीच्या ४८ तासांतच भरता यायचा आणि त्यात तिथल्या 'डे टू' चाचणीचा, म्हणजे पोहोचल्यानंतर दुसऱ्या दिवशीच्या चाचणीचा, बुकिंग क्रमांक लागायचा. तो क्रमांक नसला की फॉर्म पुढे सरकत नसे. बुकिंग नाशिकमध्ये घरी बसूनच करून ठेवायचं. विमानतळाच्या रांगेत उभं राहून परदेशी संकेतस्थळावर कार्ड चालेल, याचा भरवसा नाही.

मास्क एन-९५, पण व्हॉल्व्ह नसलेला. व्हॉल्व्हमधून आपला श्वास न गाळता बाहेर जातो, म्हणून बऱ्याच विमान कंपन्या तो नाकारायच्या. लंडनच्या प्रवासाला घरापासून घरापर्यंत वीस तास सहज होतात. मास्क ओलसर झाला की बदलायचा, म्हणून चार तरी जवळ असावेत, प्रत्येक वेगळ्या कागदी पाकिटात. सगळे एकदम मास्क काढून जेवायचे त्या वीस मिनिटांत आपण थांबायचं आणि शेजारच्याने मास्क लावला की आपण खायचं. एवढ्या साध्या गोष्टीने बराच धोका टळायचा. विमानात घसा कोरडा पडून खोकला येतो आणि सगळ्या माना वळतात. पाणी घोट घोट पीत राहावं, खडीसाखर खिशात असावी.

पोहोचल्यावरच्या विलगीकरणाची तयारी बॅग भरतानाच करावी लागे. भारत ब्रिटनच्या लाल यादीत होता त्या काळात, २३ एप्रिल ते ८ ऑगस्ट २०२१, सरकारने नेमलेल्या हॉटेलात दहा दिवस काढावे लागत आणि त्याचे एकट्या माणसाला १,७५० पौंड. यादीतून बाहेर आल्यावर लस नसलेल्यांना घरीच किंवा वसतिगृहाच्या खोलीत दहा दिवस. विलगीकरणात दुकानात जाता येणार नाही, हे गृहीत धरून भाजणी, मेतकूट, पोहे, आपला चिवडा, कोरडी चटणी द्यायचो. तूप, पेढे, खवा द्यायचा नाही. भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेता येत नाहीत. पोहोचल्याचा दिवस शून्य धरायचा, तो पहिला नव्हे. म्हणजे सोमवारी उतरलात तर 'डे टू' बुधवार. किट आधीच वसतिगृहाच्या पत्त्यावर मागवलेलं असलं, तर खोली क्रमांक पत्त्यात हवाच, नाहीतर ते तळमजल्यावर पडून राहतं आणि दिवस निघून जातो.

परतीच्या वाटेवर एअर सुविधाचा, म्हणजे भारतात येणाऱ्यांनी भरायचा सरकारी ऑनलाइन फॉर्म. तो ऑगस्ट २०२० पासून नोव्हेंबर २०२२ पर्यंत चालला, आणि फेब्रुवारी २०२१ पासून त्यावर ७२ तासांच्या आतला रिपोर्ट चढवावा लागायचा. ओमायक्रॉन आल्यावर १ डिसेंबर २०२१ पासून 'जोखमीच्या' देशांतून, म्हणजे ब्रिटनसह सगळ्या युरोपातून येणाऱ्यांची मुंबईत उतरताच चाचणी. डिसेंबरच्या २० तारखेपासून ती आधीच बुक करणं सक्तीचं झालं. साधी चाचणी घेतली तर निकालासाठी काही तास विमानतळावरच बसून राहायचं. न्यायला येणाऱ्या गाडीला त्याच हिशेबाने नाशिकहून निघायला सांगायचं, नाहीतर चालक पार्किंगमध्ये रात्र काढतो. त्यानंतर घरी सात दिवस आणि आठव्या दिवशी पुन्हा स्वॅब. फॉर्मवर पत्ता द्यायचा तो नाशिकचा, जिथे खरोखर राहणार तिथला, आणि मोबाईल चालू असलेला भारतातला. अंधेरीतल्या मामाचा पत्ता दिला की फोन आणि तपासणी मुंबईची, आणि आठव्या दिवसाची चौकशी करायला कोणी नाशिकच्या दारात येत नाही. स्वॅब घरी बोलावून द्यायचा. विलगीकरणात असलेल्या माणसाने लॅबच्या रांगेत उभं राहणं बरोबर नाही. रिपोर्ट येईपर्यंत ताट दाराबाहेर ठेवायचं, आणि आला की पोर्टलवर चढवून मगच दार उघडायचं.